विश्लेषण : वीज गेल्याने किती जीव गेले, हे मोजतात कसे?

अमेरिकेतील टेक्सास राज्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये थंडीच्या लाटेत वीजपुरवठा कोलमडला. सरकारी नोंदीनुसार या संकटात २४६ जणांचा मृत्यू झाला. सांख्यिकी विश्लेषणातून मात्र हा आकडा ७००च्या आसपास असल्याचे पुढे आले. वीज किती लागेल याचा अंदाज चुकला आणि मृत्यू किती झाले याची मोजणीही अपुरी पडली. वीजव्यवस्था आणि आरोग्य संशोधन या वरवर दूरच्या क्षेत्रांत एकच गणित कसे वापरले जाते, ते कुठे फसते आणि भारतासाठी त्याचे महत्त्व काय, याविषयी…

दोन क्षेत्रे, प्रश्न एकच कसा?

नवी मुंबईत ऐरोली येथे महाराष्ट्राचे राज्य भार प्रेषण केंद्र आहे. उद्या दुपारी तीन वाजता राज्याला किती मेगावॉट वीज लागेल, याचा हिशेब तेथे आज मांडला जातो. सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक वेगळाच हिशेब करतात. एखाद्या शहरात मे महिन्यात साधारण किती मृत्यू होतात, हे ते जुन्या नोंदींवरून काढतात आणि उष्णतेच्या लाटेत त्यापेक्षा किती जास्त झाले ते पाहतात. दोन्हीकडे आधी एक ‘अपेक्षित’ आकडा काढावा लागतो. तापमान, वार, सण, ऋतू, गेल्या काही दिवसांचा कल यांवरून तो ठरतो. मग प्रत्यक्ष आकड्याशी त्याची तुलना होते. फरक दिसला की त्याचे कारण शोधायचे. या पद्धतीला सांख्यिकी प्रारूप किंवा सोप्या शब्दांत ‘मॉडेल’ म्हणतात.

दोन्ही हिशेबांत सर्वांत वजनदार घटक बहुतेक वेळा तापमान असतो. पारा चढला की पंखे, कूलर, एसी वाढतात आणि वीजमागणी उसळते. त्याच उन्हात हृदय, मूत्रपिंड आणि फुप्फुसाचे विकार असलेल्यांचे, वृद्धांचे आणि उघड्यावर राबणाऱ्यांचे मृत्यूही वाढतात. थोडक्यात, ज्या दिवशी विजेची सर्वाधिक गरज असते, त्याच दिवशी वीजव्यवस्थेवर सर्वाधिक ताण असतो. त्या दिवसाचा अंदाज चुकला, तर त्याची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही.

उद्या किती वीज लागेल, हे आज कसे ठरते?

वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणे अजूनही महाग आणि मर्यादित आहे. त्यामुळे ज्या क्षणी जितकी वीज वापरली जाते, तितकीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. हा तोल बरोबर आहे की नाही, हे ‘वारंवारिता’ सांगते. भारतात ती ५० हर्ट्झ ठेवायची असते आणि ग्रिड संहितेनुसार ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ हा पट्टा ठरलेला आहे. मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की वारंवारिता घसरते, पुरवठा जास्त झाला की ती चढते. ती फारच घसरली, तर जनित्रे स्वतःच्या बचावासाठी जाळ्यापासून तुटतात. त्यामुळे उरलेल्या जनित्रांवर आणखी भार येतो आणि पत्त्यांच्या बंगल्यासारखी व्यवस्था कोसळू शकते.

हे टाळण्यासाठी दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ भाग पाडले जातात आणि प्रत्येक भागासाठी मागणीचा अंदाज आदल्या दिवशी बांधला जातो. यासाठी पूर्वीपासून वापरली जाणारी पद्धत म्हणजे ‘रिग्रेशन’. कालची मागणी, गेल्या आठवड्यातील त्याच वाराची मागणी, तापमान, आर्द्रता, सुट्टी आहे की कामाचा दिवस, या प्रत्येक घटकाचा मागणीवर किती परिणाम होतो, हे जुन्या आकड्यांवरून काढायचे आणि त्यावरून उद्याचा आकडा बांधायचा. अलीकडे यात मशीन लर्निंगचीही भर पडली आहे. मात्र मूळ गृहीतक तेच राहते : उद्या हा कालसारखा, किमान ओळखीच्या एखाद्या दिवसासारखा असेल.

महाराष्ट्रात या हिशेबात शेतीपंप हा मोठा घटक आहे. चांगला पाऊस झाला की पंप थांबतात आणि मागणी एकदम उतरते. पाऊस लांबला की ती वाढते. त्यात सौरऊर्जेची भर पडली आहे. सूर्य मावळताना सौर वीज झपाट्याने कमी होते आणि नेमकी तेव्हाच घरोघरी दिवे लागतात. म्हणजे आता अंदाज केवळ मागणीचा बांधून भागत नाही, ढग किती येतील याचाही बांधावा लागतो.

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी एकरूप झाले. तेव्हापासून संपूर्ण देश एकाच वारंवारितेवर चालतो. याचा फायदा असा, की एका राज्यातील तूट दुसऱ्या राज्यातील विजेने भरता येते. तोटा असा, की मोठी चूक एका राज्यापुरती राहत नाही.

अंदाज चुकतात कधी?

ज्या दिवसासारखा दिवस पूर्वी आलेलाच नाही, त्या दिवशी. ५ एप्रिल २०२० हे त्याचे उत्तम उदाहरण. करोनाकाळात रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातील दिवे बंद ठेवण्याचे आवाहन पंतप्रधानांनी केले होते. मागणी साधारण १२ ते १३ हजार मेगावॉटने कमी होईल, असा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे वीस मिनिटांत ती १ लाख १७ हजारांवरून ८५ हजार मेगावॉटवर, म्हणजे सुमारे ३२ हजार मेगावॉटने खाली आली. अंदाजाच्या अडीचपट.

तरीही ग्रिड कोसळले नाही. कारण यंत्रणेने केवळ एका आकड्यावर विसंबून न राहता चुकीसाठी जागा ठेवली होती. काही मिनिटांत बंद-चालू करता येणारी जलविद्युत केंद्रे आधी पूर्ण क्षमतेने चालवून, नेमक्या वेळी ती झपाट्याने उतरवण्यात आली. वारंवारिता ४९.७० ते ५०.२६ हर्ट्झदरम्यान राहिली. म्हणजे ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेली, पण धोक्याच्या टोकापर्यंत पोहोचली नाही.

दुसरे उदाहरण २०२५च्या उन्हाळ्याचे. ३० मे २०२४ रोजी देशाची कमाल मागणी २५० गिगावॉटवर गेली होती. तो तोपर्यंतचा उच्चांक होता. त्या आधारे २०२५ मध्ये ती २७० गिगावॉटचा टप्पा गाठेल, असे धरले गेले होते. पण मान्सून २४ मे रोजीच केरळात आला आणि २६ मे रोजी मुंबईत. उन्हाळा आखडला आणि जूनमधील कमाल मागणी सुमारे २४३ गिगावॉटपर्यंतच गेली. येथे गणित चुकले असे म्हणता येणार नाही. गणिताला पुरवलेले हवामान वेगळे निघाले.

टेक्सासमध्ये नेमके काय फसले?

हिवाळ्यात अगदी टोकाची परिस्थिती आली, तर मागणी सुमारे ६७ हजार मेगावॉटपर्यंत जाईल, असे टेक्सासची ग्रिड चालवणाऱ्या ‘एरकॉट’ या संस्थेने धरले होते. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत घरे उबदार ठेवण्यासाठी विजेची मागणी इतकी वाढली, की कपात केली नसती तर ती सुमारे ७७ हजार मेगावॉटवर गेली असती. म्हणजे ‘टोकाचा’ म्हणून धरलेला आकडाही दहा हजार मेगावॉटने तोकडा ठरला.

त्याहून गंभीर चूक पुरवठ्याच्या हिशेबात होती. एक वीजकेंद्र बंद पडण्याची शक्यता आणि दुसरे बंद पडण्याची शक्यता या स्वतंत्र घटना मानल्या, तर अनेक केंद्रे एकाच वेळी बंद पडण्याची शक्यता अत्यल्प निघते. पण त्या थंडीत वायूच्या विहिरी गोठल्या, वाहिन्यांतील दाब घसरला, वायूवर चालणारी केंद्रे थांबली, कोळशाची केंद्रे आणि पवनचक्क्याही अडखळल्या, एक अणुभट्टीही बंद पडली. कारण सर्वांचे एकच होते. त्यात भर म्हणजे वीजकपात करताना वायू पुरवणाऱ्या काही यंत्रणांचीच वीज तोडली गेली. त्यामुळे वायू आणखी कमी झाला आणि वीजनिर्मिती आणखी घटली. टेक्सासचे जाळे उर्वरित अमेरिकेपासून बहुतांशी वेगळे असल्याने बाहेरून पुरेशी मदतही मिळू शकली नाही.

१५ फेब्रुवारीच्या पहाटे दोनच्या सुमारास वारंवारिता ५९.४ हर्ट्झच्या खाली गेली. तेथे मानक ६० हर्ट्झचे आहे. ही स्थिती नऊ मिनिटे टिकली असती, तर जनित्रे आपोआप तुटून संपूर्ण राज्य अंधारात गेले असते आणि पुरवठा पूर्ववत व्हायला कदाचित काही आठवडे लागले असते. ती ४ मिनिटे २३ सेकंद टिकली. सुमारे २० हजार मेगावॉटची सक्तीची कपात करून जाळे वाचवण्यात आले. या कपातीची किंमत मात्र घरांनी मोजली. सुमारे ४५ लाख घरांची वीज गेली, काहींची कित्येक दिवसांसाठी.

मृत्यू २४६ की ७००?

राज्याच्या आरोग्य विभागाने अंतिम अहवालात २४६ मृत्यू नोंदवले. त्यांतील बहुतांश मृत्यू शरीराचे तापमान घातक पातळीपर्यंत घसरल्याने झाले होते. काहींचा जीव बंद घरात शेगडी, जनरेटर किंवा गाडी सुरू ठेवल्याने झालेल्या कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेने गेला. या पद्धतीत प्रत्येक मृत्यूचा दाखला आणि चौकशी पाहून ‘हा मृत्यू वादळामुळे झाला का’ हे ठरवले जाते.

अडचण अशी, की मृत्यूच्या दाखल्यावर ‘वीज गेल्याने’ असे कारण कोणी लिहीत नाही. ऑक्सिजन यंत्रावर असलेल्या रुग्णाचे यंत्र थांबले, डायलिसिसची फेरी चुकली, गोठलेल्या घरात हृदयविकाराचा झटका आला, तर दाखल्यावर फुप्फुसाचा विकार, मूत्रपिंड निकामी होणे किंवा हृदयविकार एवढेच येते.

म्हणून दुसरी पद्धत वापरली जाते. तिला ‘अतिरिक्त मृत्यू’ मोजणे म्हणतात. येथे कोणाचा मृत्यू कशाने झाला, हे विचारले जात नाही. आधीच्या वर्षांच्या आठवडावार नोंदींवरून त्या आठवड्यात किती मृत्यू अपेक्षित होते, हे काढले जाते. प्रत्यक्ष आकड्यातून ते वजा केले की उरतात ते अतिरिक्त मृत्यू. ‘बझफीड न्यूज’ने मे २०२१ मध्ये अमेरिकी सरकारच्याच आकडेवारीवर ही पद्धत वापरली. कोविडचा परिणाम बाजूला काढून तिने सुमारे ७०२ अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज दिला. त्याची मर्यादा ४२६ ते ९७८ अशी होती. लक्षात घेण्याजोगी बाब म्हणजे या मर्यादेचे खालचे टोकही २४६ पेक्षा बरेच वर आहे.

दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. पहिला सांगतो, किती मृत्यूंचे कारण सिद्ध करता आले. दुसरा सांगतो, त्या आठवड्यात नेहमीपेक्षा किती जास्त माणसे दगावली. पहिल्या यादीत नावे असतात, पण ती अपुरी राहते. दुसऱ्या आकड्यात नावे नसतात, पण चित्र अधिक पूर्ण असते.

जीव उष्णतेने गेले की विजेअभावी?

उन्हाळ्यात हा प्रश्न अधिक अवघड होतो. उष्णतेने मृत्यू वाढतात आणि उष्णतेनेच वीजही जाते. दोन्ही एकाच दिवशी घडले, तर दोष कोणाचा? नुसते आकडे शेजारी ठेवले, तर वीजमागणी वाढली की मृत्यू वाढतात, असेही दिसेल. पण त्याचा अर्थ वीज वापरल्याने माणसे दगावतात असा होत नाही. दोन्हीच्या मागे उष्णता असते.

याचे उत्तर शोधण्याचा नमुनेदार प्रयत्न न्यूयॉर्कमध्ये झाला. १४ ऑगस्ट २००३ रोजी ईशान्य अमेरिका आणि कॅनडातील सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. ब्रूक अँडरसन आणि मिशेल बेल या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात न्यूयॉर्क शहरातील दैनंदिन मृत्यू तपासले. तापमान, ऋतू आणि वार यांचा परिणाम मॉडेलने वेगळा काढला. तेवढ्याच तापमानाच्या, पण वीज असलेल्या दिवशी किती मृत्यू झाले असते, हे त्यातून कळले. वीज नसलेल्या काळात मृत्यू २८ टक्क्यांनी वाढले होते आणि शहरात सुमारे ९० अतिरिक्त मृत्यू झाले होते. अपघाती मृत्यू दुपटीहून अधिक झाले, हे अपेक्षित म्हणता येईल. पण आजारपणाने होणारे मृत्यूही २५ टक्क्यांनी वाढले. अंधारात जिन्यावरून पडलेल्यांपेक्षा घरात नेहमीच्या आजारांनी दगावलेल्यांची संख्या मोठी होती आणि त्यांचा संबंध विजेशी कोणी जोडलाच नसता.

त्या दिवशी वीज गेली, त्यामागेही एक मॉडेल बंद पडल्याची कहाणी आहे. ग्रिडमधील प्रत्येक ठिकाणचे मोजमाप अचूक नसते, काही येतच नाही. अशा अपुऱ्या, चुकांनी भरलेल्या आकड्यांतून जाळ्याची खरी स्थिती काढणारे सॉफ्टवेअर असते. त्याला ‘स्टेट एस्टिमेटर’ म्हणतात. एमआयटीचे फ्रेड श्वेप यांनी १९७० मध्ये ही कल्पना वीजक्षेत्रात आणली. तिच्या मुळाशी लीस्ट स्क्वेअर्स ही लजांद्र यांनी १८०५ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत आहे. १४ ऑगस्टला अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागावर देखरेख करणाऱ्या केंद्रातील हे सॉफ्टवेअर चुकीच्या माहितीमुळे अडले. तंत्रज्ञाने ते दुरुस्त केले, पण दर पाच मिनिटांनी आपोआप चालण्याची सोय पुन्हा सुरू करायची राहून गेली. ओहायोतील एका वीजकंपनीच्या नियंत्रण कक्षातील इशारा यंत्रणाही त्याच दुपारी बंद पडली होती. वाहिन्या झाडांना टेकून एकामागून एक तुटत होत्या आणि पडद्यावर सारे सुरळीत दिसत होते.

अहमदाबादच्या आकड्यांतून काय मिळाले?

मे २०१० मध्ये अहमदाबादचे तापमान ४६.८ अंश सेल्सिअसवर गेले. त्या महिन्यात शहरात ४ हजार ४६२ मृत्यू झाले. २००९ आणि २०११ च्या मे महिन्यांची सरासरी घेतली, तर ३ हजार ११८ मृत्यू अपेक्षित होते. फरक १ हजार ३४४ मृत्यूंचा, म्हणजे ४३ टक्के वाढ. उष्माघात म्हणून नोंदले गेलेले मृत्यू याच्या जवळपासही नव्हते. या हिशेबाने शहराला धक्का दिला आणि २०१३ मध्ये अहमदाबाद महापालिकेने दक्षिण आशियातील पहिला उष्णता कृती आराखडा लागू केला. पुढे नागपूरसह अनेक शहरांनी त्याचा कित्ता गिरवला.

आराखड्याचा उपयोग झाला का, हेही मोजले गेले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने आराखड्याआधीची आणि नंतरची वर्षे तुलनेला घेतली. उन्हाचा परिणाम त्याच दिवशी संपत नाही, पुढचे काही दिवस रेंगाळतो, हेही मॉडेलमध्ये धरले. निष्कर्ष असा, की आराखड्यामुळे वर्षाला सरासरी १ हजार १९० मृत्यू टळले असावेत. पण सोबत दिलेली मर्यादा १६२ ते २ हजार २१८ अशी आहे. म्हणजे उपयोग झाला, हे बऱ्याच खात्रीने सांगता येते. किती झाला, हे तितक्या खात्रीने सांगता येत नाही. बातम्यांत बहुधा मधला आकडा येतो, मर्यादा गळून पडते.

भारतात मोजणी कुठे अडते?

अतिरिक्त मृत्यू काढायचे, तर आधी सर्व मृत्यूंची नोंद हवी. कारणे शोधायची, तर दाखल्यावर वैद्यकीय कारण हवे. २०२० मध्ये देशात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी केवळ साडेबावीस टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केले होते. उरलेल्या तीन चतुर्थांशांहून अधिक मृत्यूंबाबत वैद्यकीय कारण कागदावर नाहीच.

शिवाय पायाच हलता असतो. नागरी नोंदणीत २०१९ मध्ये ७६.४ लाख, २०२० मध्ये ८१.२ लाख आणि २०२१ मध्ये सुमारे १ कोटी २ लाख मृत्यूंची नोंद झाली. ही वाढ मृत्यू वाढल्याने झाली की नोंदणी सुधारल्याने, की दोन्हींमुळे? याच मुद्द्यावर वाद झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज दिला. तोपर्यंत अधिकृत कोविड मृत्यूंची संख्या सुमारे ४.८ लाख होती. केंद्र सरकारने संघटनेच्या पद्धतीवर आणि मॉडेलवर आक्षेप घेतला. अपेक्षित मृत्यूंचा पाया वेगळा धरला, की उत्तर लाखांनी बदलते, हे या वादातून दिसले.

नोंदी अपुऱ्या असल्या तरी मोजणी अशक्य नसते. ‘मिलियन डेथ स्टडी’ या उपक्रमात देशभरातील निवडक घरांत जाऊन, मृत व्यक्तीच्या नातेवाइकांना लक्षणे विचारून मृत्यूचे संभाव्य कारण डॉक्टरांकडून ठरवण्यात आले. त्यातून २००५ मध्ये देशात सर्पदंशाने सुमारे ४५ हजार ९०० मृत्यू झाल्याचा अंदाज निघाला. सरकारी आकडा त्याच्या एक तीसांश इतका होता. यांतील ९७ टक्के मृत्यू ग्रामीण भागातील होते आणि तीन चतुर्थांशांहून अधिक रुग्णालयाबाहेर झाले होते. रुग्णालयापर्यंत न पोहोचलेला मृत्यू रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये कसा येणार?

शेतीच्या रात्रीच्या विजेचा येथे काय संबंध?

वर्षानुवर्षे महाराष्ट्रात शेतीपंपांना चक्राकार पद्धतीने, कधी दिवसा तर कधी रात्री वीज दिली जाते. ग्रिडच्या हिशेबाने यात तर्क आहे. रात्री इतर मागणी कमी असते, तेव्हा शेतीचा भार तेथे सरकवला की दिवसाचे टोक खाली येते आणि महागडी वीज घ्यावी लागत नाही. शेतकऱ्याच्या हिशेबात मात्र याचा अर्थ मध्यरात्री बॅटरी घेऊन बांधावर जाणे, अंधारात पाणी वळवणे, साप-विंचू आणि काही जिल्ह्यांत बिबट्याची धास्ती असा होतो. दिवसा वीज द्या, ही मागणी त्यातूनच आली. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीच्या फीडरला सौरऊर्जेवर दिवसा वीज देण्याचे उद्दिष्ट आहे.

भार प्रेषणाच्या गणितात मेगावॉट आणि रुपये असतात, सर्पदंश नसतो. तो खर्च गावातल्या घरावर पडतो. कोणत्या फीडरवर रात्री वीज होती, हे वीजकंपनीच्या मीटरवर असते. सर्पदंशाचे रुग्ण कोणत्या गावातून, किती वाजता आले, हे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत असते. या दोन नोंदी तारीख आणि गावानुसार जोडल्या, तर दिवसाच्या विजेने किती जीव वाचतात हे न्यूयॉर्कच्याच पद्धतीने तपासता येते. एकाच तालुक्यातील काही फीडर आधी दिवसाच्या विजेवर आले आणि काही नंतर, तर तुलनेसाठी तोच उत्तम आधार ठरतो. हीच जोडणी उन्हाळ्यासाठीही करता येते : कोणत्या प्रभागात रात्री किती तास वीज नव्हती आणि त्या रात्रीनंतरच्या दोन-तीन दिवसांत तेथे मृत्यू किती झाले.

असे आकडे वाचताना काय तपासावे?

पहिली गोष्ट, तुलना कशाशी केली आहे. ‘४३ टक्के वाढ’ ही कोणत्या वर्षांच्या तुलनेत, हे पाहावे. सोयीचे वर्ष निवडले, की टक्केवारी हवी तशी मिळते. दुसरी गोष्ट, मर्यादा दिली आहे का. ‘७०२’ या आकड्यापेक्षा ‘४२६ ते ९७८’ ही माहिती अधिक प्रामाणिक असते. मर्यादा न देणारा अंदाज जास्त अचूक नसतो, त्याची अनिश्चितता फक्त दिसत नाही.

तिसरी गोष्ट, तिसरा घटक. दोन आकडे एकत्र वाढले, तर दोघांमागे उष्णता, सण, साथ किंवा लोकसंख्यावाढ असे समान कारण आहे का, हे विचारावे. चौथी गोष्ट, मृत्यू पुढे ओढले गेले आहेत का. उष्णतेच्या लाटेत अगदी अत्यवस्थ असलेल्यांचे मृत्यू काही दिवस आधी होतात आणि पुढच्या आठवड्यात संख्या सरासरीखाली येते. म्हणून केवळ लाटेचे दिवस मोजून थांबत नाहीत, पुढचे आठवडेही मोजतात. थंडीचा परिणाम तर त्याहून जास्त दिवस रेंगाळतो.

पाचवी आणि बहुधा सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे टोकाचे दिवस. सरासरी दिवसाचा अंदाज अचूक देणारे मॉडेल टोकाच्या दिवशी दगा देऊ शकते, कारण तसे दिवस जुन्या नोंदींत मोजकेच असतात. टेक्सासमध्ये तेच झाले. ५ एप्रिल २०२० रोजी अंदाज तितकाच चुकूनही भारतात वीज गेली नाही, कारण चूक होईल हे धरून जलविद्युत केंद्रे तयार ठेवली होती. उष्णतेच्या लाटेसाठी ‘तयार ठेवणे’ याचा अर्थ रुग्णालये आणि पाणीपुरवठ्याचे फीडर कपातीतून वगळणे, घरी ऑक्सिजन किंवा डायलिसिसवर असलेल्या रुग्णांची प्रभागवार यादी हाताशी असणे आणि भारनियमन करावेच लागले तर ते रात्री एकाच वस्तीवर पुन्हा पुन्हा न लादणे. यांपैकी यादी करण्याचे काम कोणत्याही महापालिकेला उन्हाळ्याआधी करता येते आणि त्यासाठी कोणत्याही मॉडेलची वाट पाहावी लागत नाही.